गॅलरीत आणि गच्चीवर भाजी पिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक या पट्ट्यातलं हवामान आणि तिथली घरं डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. कोकण-गोव्यात पाऊस आणि दमटपणा जास्त, विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळा कडक. तिथल्यांनी महिने आठ-पंधरा दिवसांनी मागेपुढे धरावेत. कुंडीतली भाजी फसते तेव्हा दोष बहुधा बियाण्याला किंवा खताला दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा त्याच्या आधीचं असतं: आपल्याकडे ऊन किती येतं हे न पाहता पीक निवडलेलं असतं.

सुरुवात कशी करायची? आधी काय विकत आणू?

आधी काहीच आणू नका. एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला गॅलरीत डोकावा आणि कुठे थेट ऊन पडलंय ते कागदावर लिहून ठेवा. नुसता उजेड धरायचा नाही. हाताची ठळक सावली पडली तरच ते ऊन.

सहा तास किंवा जास्त ऊन मिळत असेल तर टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, गवार, वेलभाज्या सगळं शक्य आहे. चार ते पाच तासांत मिरची, मुळा, मेथी, पालक, लाल माठ, चवळई नीट येतात. मिरचीला तिथे फळं कमी लागतील, पण लागतील. दोन ते तीन तासांच्या उन्हात पुदिना, अळू, आंबट चुका, ओव्याचं पान, उन्हाळ्यातली कोथिंबीर. त्याहून कमी असेल तर फळभाजीचा विचार सोडून द्या. झाड उंच वाढेल, लोळेल, फुलं येतील आणि गळून जातील.

गॅलरी उत्तरेला आहे. काहीच येणार नाही का?

वर्षभर नाही, पण काही महिने येतं. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या गॅलरीत तेव्हा ऊन शिरतं. मात्र जूनपासून ढग ते बरंचसं खातात. मार्चअखेर ते जूनच्या सुरुवातीपर्यंत पालेभाज्या घ्या, बाकीचे महिने पुदिना, अळू आणि ओव्याच्या पानावर समाधान माना. दक्षिणेच्या गॅलरीचं गणित उलटं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने ऊन थेट घरात येतं आणि टोमॅटो-वाटाण्याचा हंगामही नेमका तोच. पूर्वेचं सकाळचं ऊन पालेभाज्यांना सगळ्यात चांगलं. पश्चिमेला एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर भिंत तापते, तिथे पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी शेडनेट लागतेच.

पहिल्या वर्षी काय लावावं?

मेथी, लाल माठ, पुदिना, कढीपत्ता आणि दोन मिरच्या. ऊन भरपूर असेल तर सप्टेंबरअखेरीला दोन टोमॅटो. एवढ्यात पाणी, माती आणि कीड या तिन्ही गोष्टी हाताखालून जातात. फ्लॉवर, कोबी, गाजर, शिमला मिरची पहिल्या वर्षी नकोत. कोबीचं एक झाड अडीच-तीन महिने कुंडी अडवतं आणि एकच गड्डा देतं. तेवढ्याच जागेत मेथीचे तीन हप्ते निघतात.

कोणत्या महिन्यात काय पेरायचं?

पाऊस स्थिरावला की, म्हणजे जूनच्या मध्यापासून जुलैपर्यंत: भेंडी, गवार, दोडका, कारलं, काकडी, अळू, गवती चहा, वांग्याची आणि मिरचीची रोपं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत: टोमॅटो, पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर, वाटाणा, शेपू. जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत: भेंडी, गवार, काकडी, दुधी, लाल माठ, चवळई. एप्रिल-मेमध्ये उत्तरेच्या गॅलरीतल्या किंवा सावलीतल्या पालेभाज्या सोडून नवीन काही पेरू नका. आहे ते जगवणं हेच त्या महिन्यांचं काम.

कुंडी केवढी हवी?

पालेभाज्यांना खोली सहा ते आठ इंच पुरते, पण रुंदी हवी. भाजीवाल्यांकडचा जुना जाळीचा क्रेट आतून शेडनेटने किंवा जुन्या गोणपाटाने मढवला की उत्तम वाफा होतो. मिरचीला दहा ते बारा इंच खोली, टोमॅटो आणि वांग्याला बारा ते पंधरा इंच (म्हणजे किमान पंधरा ते वीस लिटर माती), भेंडीला बारा इंची कुंडीत जास्तीत जास्त दोन झाडं. दोडका, कारलं, दुधी यांना अठरा-वीस इंची पिशवी किंवा अर्धा कापलेला ड्रम. रंगाचे डबे चालतील, पण आत आधी काय होतं ते पाहा. रसायनाचे ड्रम खाण्याच्या भाजीला वापरू नयेत.

बुडाला बोटाच्या जाडीची चार-पाच भोकं हवीतच, आणि कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा. भोक जमिनीला टेकलेलं असलं की पाणी निघत नाही आणि मुळं कुजतात. कुंडी कठड्यावर किंवा ग्रिलच्या बाहेरच्या कडेला ठेवू नका. खालून माणसं चालतात.

गच्चीला वजन पेलेल का?

हा प्रश्न विचारल्याशिवाय गच्चीवर काम सुरू करू नये. माणसं ज्यावर वावरतात अशा सपाट गच्चीचा आराखडा साधारणपणे दर चौरस मीटरला दीडशे किलो वापरभार धरून केलेला असतो. बारा इंची कुंडी ओली असताना पंधरा ते अठरा किलो भरते, म्हणजे सुट्या कुंड्या अंतर ठेवून मांडल्या तर अडचण येत नाही. पण एक फूट जाडीचा सलग मातीचा वाफा केला तर ओल्या मातीचं वजन चौरस मीटरला तीनशे किलोच्या पुढे जातं. असा वाफा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय करू नका. जड ड्रम तुळईच्या रेषेवर किंवा खाली भिंत असेल तिथे ठेवा. इमारत जुनी असेल तर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पालापाचोळ्याचं हलकं मिश्रणच वापरा. वॉटरप्रूफिंग आधीच गळत असेल तर पहिल्यांदा ते दुरुस्त करून घ्या. गच्ची सोसायटीची असेल तर परवानगी लेखी घेतलेली बरी.

माती कशी तयार करायची?

सर्वसाधारण प्रमाण आकारमानाने: चार भाग पोयट्याची किंवा तांबडी माती, तीन भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, तीन भाग धुतलेलं कोकोपीट. अशा दहा लिटर मिश्रणात दोन मुठी निंबोळी पेंड. शेतातली काळी माती एकटी वापरू नका. कुंडीत ती सुकली की भेगाळते आणि ओली झाली की गच्च बसते. घ्यायचीच असेल तर दोन भाग काळी माती आणि एक भाग जाड वाळू घाला. समुद्रावरची वाळू मिठामुळे चालत नाही.

शेणखत कुजलेलं आहे की नाही हे ओळखायला मूठभर हातात घ्या. रंग काळपट, हाताला भुसभुशीत आणि वास पावसानंतरच्या मातीचा यायला हवा. उग्र वास येत असेल किंवा ढिगात हात घातल्यावर गरम लागत असेल तर ते कच्चं आहे. कच्च्या खतात हुमणीच्या अळ्या असतात आणि त्याच्या उष्णतेने रोपांची मुळं जळतात. ते ओलसर ठेवून महिना-दीड महिना बाजूला कुजू द्या.

माती कमी वापरायची असेल तर कुंडीचा खालचा निम्मा भाग वाळका पालापाचोळा, उसाची चिपाडं, नारळाच्या शेंड्या यांनी दाबून भरा. प्रयोग परिवाराचे श्री. अ. दाभोळकर यांनी वाळलेल्या पानांपासून आणि शेतातल्या टाकाऊ भागापासून सकस माती तयार करण्यावर भर दिला. शहरातल्या गच्च्यांना तो विचार फार उपयोगी पडतो. पाचोळा कुजताना मातीची पातळी दोन-तीन महिन्यांत चार-पाच इंच खाली बसते, तेवढी भर वरून टाकत राहावी लागते. याच काळात तो कुजवणारे जीव मातीतलं नत्र खातात. म्हणून पाचोळ्याच्या थरांमध्ये शेणकाला किंवा शेणखत घालायला विसरू नका, नाहीतर झाड पिवळं पडतं.

कोकोपीट धुवायचं का? किती लागतं?

धुवायचंच. किनाऱ्यालगत तयार होणाऱ्या कोकोपीटमध्ये क्षार असतात आणि पालेभाजीच्या कोवळ्या रोपांची टोकं त्याने करपतात. वीट पाण्यात फुगवा, पिळा, पाणी फेका; हे दोन-तीनदा करा. साडेसहाशे ग्रॅमची वीट फुगून आठ-नऊ लिटर होते, पाच किलोचा ठोकळा साठ-सत्तर लिटर. कोकोपीटमध्ये पोषण जवळजवळ नसतं. ते फक्त पाणी आणि हवा धरून ठेवतं. नुसत्या कोकोपीटमध्ये लावलेलं रोप बी-दलातला साठा संपला की थांबतं.

कोथिंबीर उगवतच नाही. काय चुकतंय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि त्याची कारणं चार आहेत.

पहिलं, धणे जुने किंवा भाजलेले असतात. मसाल्याच्या दुकानातले धणे उगवतील याची खात्री नाही. पेरण्याआधी वीस धणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. दहा-बारा दिवसांत दहाहून कमी अंकुरले तर ते मसाल्यालाच वापरा.

दुसरं, धणे अख्खे पेरले जातात. एका धण्यात दोन बिया असतात. फरशीवर पसरून चपलेने किंवा लाटण्याने हलकेच रगडा, दोन फाका व्हायला हव्यात, भुगा नाही. मग आठ ते बारा तास पाण्यात भिजवा आणि निथळून पेरा.

तिसरं, बी खोल जातं किंवा सुकतं. वर जेमतेम एक सेंटिमीटर मातीचा थर द्या. उगवायला आठ ते पंधरा दिवस लागतात आणि एवढे दिवस वरचा थर एकदाही कोरडा पडता कामा नये. ओलं गोणपाट झाकून ठेवा आणि पहिले कोंब दिसताच त्या दिवशीच काढा. दोन फूट बाय सव्वा फुटाच्या क्रेटला दहा ग्रॅम धणे पुरतात, म्हणजे दोन मोठे चमचे.

चौथं, ऋतू. हिवाळ्यातली कोथिंबीर चाळीस-पंचेचाळीस दिवसांत काढणीला येते आणि दोनदा कापता येते. उन्हाळ्यात ती फुलावर लवकर जाते, पानं बारीक दोऱ्यासारखी होतात. तेव्हा दुपारची सावली द्या आणि महिन्याभरात मुळासकट उपटा. पावसाळ्यात आडोशाखाली पेरली नाही तर सडते. कोथिंबिरीचं रोप उपटून दुसरीकडे लावू नका, तिचं सोटमूळ दुखावलं की ती फुलोऱ्यावरच जाते.

मेथी?

सोपी. मेथ्या रात्रभर भिजवा, क्रेटला पंधरा ग्रॅम, वर बारीक माती. तीन-चार दिवसांत उगवते आणि पंचवीस-तीस दिवसांत मोठी होते. मुंबईत किनाऱ्यालगतच्या वाळूत पिकणारी, बारीक जुड्यांनी विकली जाणारी समुद्रमेथी आवडत असेल तर उथळ ट्रेमध्ये निम्मी वाळू, निम्मं गांडूळखत भरून दाट पेरा आणि बारा-पंधरा दिवसांत मुळासकट काढा. त्या वाळूचे कण जाईपर्यंत तीन पाण्यांनी धुवावी लागते. दर दहा दिवसांनी एक ट्रे पेरत गेलात तर जुडी तुटत नाही.

पुदिना, गवती चहा आणि ओव्याचं पान कसं लावायचं?

बाजारातल्या पुदिन्याच्या जुडीतल्या जाड काड्या निवडा, खालची पानं काढा, दोन पेरं पाण्यात बुडतील अशा ठेवा. रोज पाणी बदललं की पाच-सात दिवसांत मुळ्या फुटतात. पुदिन्याला रुंद आणि उथळ कुंडी हवी, कारण तो जमिनीलगत पसरतो. दुसऱ्या झाडाबरोबर लावलात तर त्याला गिळतो. वर्षाने मध्यभागी काड्या लाकडासारख्या होतात. तेव्हा सगळं काढून कडेची कोवळी धुमारं पुन्हा लावा.

गवती चहाचा मुळ्या असलेला ठोंब लागतो, नुसत्या पात्या रुजत नाहीत. पात कापताना बुडापासून चार-पाच इंच ठेवून कापा. ओव्याच्या पानाची काडी कुठेही खुपसली तरी लागते. तिला मारायचा एकच मार्ग म्हणजे जास्त पाणी.

कढीपत्ता वाढत नाही.

बियांपासून लावत असाल तर काळं पिकलेलं ताजं फळ घ्या, गर धुवून काढा आणि त्याच आठवड्यात पेरा. वाळवून ठेवलेलं बी उगवत नाही. त्याहून सोपं म्हणजे मोठ्या झाडाच्या मुळांतून आलेलं पिल्लू किंवा नर्सरीतलं रोप.

रोप दीड-दोन फुटांचं झालं की शेंडा खुडा. मन होत नाही, पण खुडल्याशिवाय ते एकाच काठीसारखं वर जातं. पानं सुटी तोडू नका. संपूर्ण डहाळी देठापासून काढा म्हणजे तिथून नवे फुटवे येतात. फुलांचे घोस दिसले की काढून टाका. डिसेंबर-जानेवारीत पानं पिवळी पडून गळली तर ती विश्रांती आहे. त्या काळात पाणी कमी करा, खत देऊ नका आणि फेब्रुवारीत फूट यायला लागली की दोन मुठी शेणखत द्या. आंबट ताक देण्याची घरोघरची पद्धत ठीक आहे: पाऊण ते एक कप ताक एक लिटर पाण्यात, महिन्यातून एकदा. रोज ओतलं तर माती आंबते आणि चिलटं होतात.

पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या आणि मोठ्या झाल्यावर हिरव्या होणाऱ्या अळ्या लिंबाच्या फुलपाखराच्या असतात. रोप लहान असेल तर दोन-तीन दिवसांत ते निष्पर्ण होतं. हाताने वेचा. झाड मोठं असेल तर राहू द्या, फुलपाखरं होतील.

घरचं अळू खाजरं निघालं.

अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. वाण, पानाचं वय आणि पाण्याची ओढ यांवर त्यांचं प्रमाण बदलतं. वडीचं अळू, म्हणजे काळ्या देठाचं, लावा. कोवळी-मध्यम पानं घ्या. माती कायम ओली ठेवा. चिंच किंवा आंबट चुका घालून पुरतं शिजवा. शोभेची अळूसारखी दिसणारी झाडं नर्सरीत पुष्कळ असतात, ती खाऊ नयेत. लावायला अळूचा कांदा खात्रीच्या घरून किंवा भाजीवाल्याकडूनच घ्या.

टोमॅटोला फुलं येतात पण गळतात. आणि फळाचं बूड काळं पडतं.

ही दोन वेगळी दुखणी आहेत. दिवसाचं तापमान पस्तिशीच्या वर आणि रात्रीचं चोवीस-पंचविसाच्या वर राहिलं की परागकण निकामी होतात आणि फुलं गळतात. म्हणूनच मार्चनंतर आपल्याकडे कुंडीतला टोमॅटो थांबतो. सप्टेंबरमध्ये रोप टाका, पंचवीस-तीस दिवसांनी खोडाचा खालचा तिसरा हिस्सा मातीत जाईल असं खोल लावा, डिसेंबर ते फेब्रुवारी फळं घ्या. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं. गॅलरी बंदिस्त असेल तर सकाळी दहाच्या सुमारास फुलांच्या झुबक्याला बोटाने टिचकी मारा. नत्र जास्त झालं तरी झाड नुसतं पानावर जातं.

बूड काळं पडणं म्हणजे फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम न पोहोचणं. मातीत कॅल्शियम बहुधा असतं, पण ते पाण्याबरोबरच वर जातं. एक दिवस माती कोरडी ठणठणीत आणि दुसऱ्या दिवशी पूर, असं झालं की हे होतं. कुंडी मोठी घ्या, मातीवर दोन इंच पाचोळ्याचं आच्छादन द्या, पाणी रोज ठरावीक वेळी द्या. काळी झालेली फळं काढून टाका, ती सुधारत नाहीत.

मिरचीची पानं वळतात, आखडतात.

याला शेतकरी चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात. औषध आणण्याआधी पान कुठे वळतंय ते बघा. कडा वरच्या बाजूला वळत असतील तर फुलकिडे. पान पांढऱ्या कागदावर झटकलं तर पिवळट बारीक किडे धावताना दिसतात. कडा खाली वळून पान अरुंद, कडक होत असेल तर कोळी ही बारीक कीड. ती नुसत्या डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही.

दोन्हींसाठी पहिला उपाय पाणी. सकाळी पानांच्या खालच्या बाजूला जोराने फवारा, सलग चार दिवस. फुलकिड्यांवर निंबोळी तेल चालतं. कोळ्यावर पाण्यात मिसळणारं गंधक ऐंशी टक्के, दोन ग्रॅम प्रतिलिटर, संध्याकाळी. तापमान बत्तीस-तेहेतीसच्या वर असताना मारू नका, पानं भाजतात. तेल आणि गंधक या फवाऱ्यांत किमान दोन आठवड्यांचं अंतर हवं. शेंडा पूर्ण आखडून झाड खुजं झालं असेल, पानांवर हिरवे-पिवळे चट्टे असतील तर तो विषाणू. त्याला औषध नाही. उपटा, पिशवीत बांधून टाका, म्हणजे शेजारची झाडं वाचतील.

दोडका-कारल्याला नुसती फुलं येतात, फळ धरत नाही.

सुरुवातीचे दहा-पंधरा दिवस फक्त नर फुलं येतात, तेव्हा थांबा. मादी फूल ओळखायची खूण म्हणजे पाकळ्यांच्या मागे बारीकसं फळ. ते पिवळं पडून गळत असेल तर परागीकरण होत नाहीये. सहाव्या-सातव्या मजल्यावर मधमाश्या कमी येतात, तेव्हा हे काम हाताने करावं लागतं, आणि वेळ चुकली तर उपयोग नाही. काकडी, कारलं, लाल भोपळा, घोसाळं यांची फुलं सकाळी उमलतात, त्यांना नऊच्या आत. दोडका आणि दुधी संध्याकाळी उमलतात, त्यांना सूर्यास्ताच्या सुमारास. नर फूल देठासकट तोडा, पाकळ्या मागे दुमडा, मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलके फिरवा. एक नर फूल दोन मादी फुलांना पुरतं.

दुधीला मादी फुलं बाजूच्या फांद्यांवर जास्त येतात. मुख्य वेलाला सात-आठ पानं झाली की शेंडा खुडा. फळ बोटाएवढं झालं की कागदी पिशवीत झाका, नाहीतर फळमाशी अंडी घालते आणि फळ वाकडं होऊन आतून सडतं. गच्चीवर वेल पुष्कळ असतील तर क्यू ल्यूरचा (वासाने फळमाश्या ओढणारा) सापळा लावा. त्यात फक्त नर माश्या येतात, म्हणून पिशवी सोडू नका.

वाण निवडताना दोडक्यात दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा कोकण हरिता, कारल्यात राहुरीचा फुले ग्रीन गोल्ड किंवा हिरकणी, गवारीत पुसा नवबहार हे खात्रीचे.

भेंडीची पानं पिवळ्या शिरांची झाली.

हळद्या, म्हणजे पांढऱ्या माशीने पसरवलेला विषाणू. झाड काढून टाका. परभणी क्रांती हा वाण याच रोगाला तोंड देण्यासाठी निघाला. आता तोही सगळीकडे टिकतोच असं नाही, तरी गावठी वाणापेक्षा बरा. पिवळे चिकट सापळे झाडाच्या शेंड्याच्या पातळीवर लावा. भेंडी पेरणीनंतर पंचेचाळीस-पन्नास दिवसांत सुरू होते आणि दिवसाआड तोडावी लागते. दोन दिवस उशीर झाला की जून होते आणि झाडही मंदावतं.

पाणी किती आणि केव्हा?

बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर पाणी नको. वाफसा, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही असणं, हेच हवंय. एप्रिल-मेमध्ये बारा इंची कुंडीतल्या मोठ्या झाडाला रोज दीड-दोन लिटर लागू शकतं, डिसेंबरमध्ये दिवसाआड अर्धा-पाऊण लिटर. सकाळी द्या. संध्याकाळी पानं भिजवली तर भुरी आणि करपा वाढतो. दुपारी झाड मलूल दिसलं तरी लगेच पाणी ओतू नका. संध्याकाळी सावरलं तर ती फक्त उन्हाची मलूलता होती.

कुंडीखालच्या ताटल्या रोज रिकाम्या करा. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारे डास वाढतात.

खत किती द्यायचं? जीवामृत घरी करता येतं का?

फळभाजीला दर पंधरा दिवसांनी बारा इंची कुंडीला दोन मुठी गांडूळखत, फुलं लागल्यावर महिन्यातून एकदा मूठभर निंबोळी पेंड आणि थोडी लाकडाची राख. पालेभाजीला पेरताना खत मिसळलेलं असलं की वरून फारसं लागत नाही.

नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांच्या पद्धतीचं जीवामृत घरगुती मापात असं: दहा लिटर पाणी, अर्धा किलो ताजं देशी गायीचं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन, झाडाखालची मूठभर माती. सावलीत, फडक्याने झाकून, अठ्ठेचाळीस तास, दिवसातून दोनदा ढवळायचं. एक भाग जीवामृत दहा भाग पाण्यात मिसळून सात दिवसांच्या आत संपवा. हे मातीतल्या जिवांचं खाणं आहे. कुंडीत सेंद्रिय खतच नसेल तर नुसत्या जीवामृताने भाजी पोसत नाही.

चहाचा चोथा साखर-दूध धुवून मगच टाका, नाहीतर मुंग्या येतात. अंड्याची टरफलं मिक्सरमधून पीठ करून घाला. तुकडे वर्षभर तसेच पडून राहतात. कांद्याच्या सालीच्या पाण्यावर फार भिस्त ठेवू नका.

पानं पिवळी पडतात, कोणती कमतरता?

खालची जुनी पानं सगळीच फिकट होत असतील तर नत्र, गांडूळखत द्या. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. एप्सम सॉल्ट एक छोटा चमचा एक लिटर पाण्यात, पंधरा दिवसांनी पुन्हा. हीच खूण शेंड्याच्या नव्या पानांवर असेल तर लोह. बोअरवेलच्या जड पाण्यावर वाढवलेल्या झाडांत हे नेहमी दिसतं. आणि सगळंच झाड पिवळं, माती ओली, वास येतोय, अशा वेळी कमतरता कसलीच नसते, मुळं कुजलेली असतात.

मावा, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी यांवर काय फवारायचं?

निंबोळी तेल पाच मिली, द्रव साबण एक ते दोन मिली, कोमट पाणी एक लिटर. आधी तेल आणि साबण एकत्र घोटा, मग पाणी हळूहळू घाला; उलट केलं तर तेल वर तरंगतं आणि फवाऱ्यात एकाच पानावर पडून ते जळतं. ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूला, दर सात दिवसांनी तीनदा. पिठ्या ढेकणाच्या मेणावर हे नीट बसत नाही, म्हणून आधी जुन्या दातघासणीने खरवडा. मावा पुन्हापुन्हा येत असेल तर मुंग्या शोधा. माव्याच्या गोड स्रावासाठी त्या त्याची राखण करतात. पानावर नागमोडी पांढऱ्या रेषा म्हणजे नागअळी. ते पान तोडलं की पुरे.

कबुतरं रोपं उपटतात.

चमकत्या फिती आणि जुन्या सीडी दोन दिवस चालतात. मग जाळीच लागते. पेरलेल्या क्रेटवर रोपं चार इंचांची होईपर्यंत पाऊण इंची जाळी ताणून बांधा. कबुतरांची विष्ठा खत म्हणून वापरू नका आणि ती साफ करताना तोंडावर मास्क बांधा.

पावसाळ्यात सगळं सडतं.

मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पुण्यात वर्षाचा मिळून त्याच्या साधारण एकतृतीयांश. त्यामुळे पुण्यात जमतं ते मुंबईच्या उघड्या गच्चीवर जमेलच असं नाही. मेअखेरीस सगळ्या कुंड्यांची भोकं काडीने मोकळी करा, खाली खापऱ्या टाका. बुड कुजून रोपं कोलमडू नयेत म्हणून शंभर ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) दहा किलो ओलसर शेणखतात मिसळून आठवडाभर झाकून ठेवा आणि ते मूठ-मूठ कुंड्यांना द्या. बियांचे ट्रे आडोशाला. सतत पावसाने नत्र वाहून जातं, तेव्हा पाऊस उघडला की थोडं थोडं खत द्यावं.

बी कोणतं घ्यावं, आणि घरचं धरता येतं का?

पाकिटावर एफ-१ लिहिलं असेल तर ते संकरित आहे. त्या फळाचं बी धरलं तर पुढचं झाड तसंच येणार नाही. घरचं बी धरायचं तर सरळ (संकरित नसलेला) किंवा गावरान वाण घ्या. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री मिळाला तो अशाच वाणांच्या जतनासाठी, आणि वाल-घेवड्यापासून सुरुवात करणं घरीही सर्वांत सोपं. शेंग वेलावरच खडखडीत वाळू द्या. टोमॅटोचं बी गरासकट दोन-तीन दिवस आंबवून धुवा आणि सावलीत वाळवा. राखेत मिसळून काचेच्या बरणीत ठेवा, वर वाण आणि महिना लिहा. गुलाबी-निळ्या रंगाचं बी बुरशीनाशक लावलेलं असतं. ते तोंडात धरू नका, मुलांच्या हाती देऊ नका.

आठ दिवस गावी जायचंय.

कुंड्या एकत्र, सावलीत, एकमेकींना खेटून ठेवा. भरपूर पाणी द्या, वर तीन इंच पाचोळा. मोठ्या कुंड्यांसाठी बादलीत पाणी भरून उंचावर ठेवा आणि सुती दोरीचं एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं मातीत चार इंच खोल. दोरी आधी भिजवून घ्या, कोरडी दोरी पाणी ओढत नाही. बादली झाका, डास होतील. निघण्याआधी तयार असलेली सगळी फळं तोडा.

एका हंगामानंतरची माती फेकायची का?

नाही. कुंडी उलटी करा, जाड मुळं काढा आणि माती मे महिन्यात काळ्या प्लॅस्टिकवर तीन-चार इंच थराने पसरा. ती ओलसर करून वरून पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट झाका. चार आठवड्यांच्या उन्हात बुरशी, सूत्रकृमी आणि किडींचे कोष बरेच मरतात. मग तीन भाग जुन्या मातीत एक भाग शेणखत आणि दहा लिटरला दोन मुठी निंबोळी पेंड मिसळून पंधरा दिवस ओलसर ठेवा. टोमॅटो, मिरची, वांगी एकाच कुळातली; त्यांच्या मातीत पुढच्या हंगामात घेवडा, गवार किंवा मेथी घ्या. मुळांवर सूत्रकृमींच्या गाठी दिसल्या असतील तर त्या कुंडीत वर्षभर भाजीऐवजी झेंडू लावा.